शून्य घेताना

निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी लोक त्यांना काटेसाहेबच म्हणत. वजनमापांच्या खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होते ते. त्यांनी दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवलं की आतल्या माणसाच्या तोंडचं पाणी पळे. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, दांडीच्या टोकात भरलेलं शिसं, वजन होत असताना हळूच टेकणारा अंगठा, सगळं त्यांनी पकडलेलं. ‘काटा खोटं बोलत नाही, त्याला कोणीतरी बोलायला लावतं,’ हे त्यांचं वाक्य घरात इतक्या वेळा झालं होतं, की ते सुरू झालं की बायको ते त्यांच्या आधी पूर्ण करून मोकळी होई.

असा हा माणूस त्या बुधवारी गॅरेजच्या फरशीवर पालथा पडून लेकीच्या सायकलच्या पायडलाकडे डोळे फाडून बघत होता, आणि त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

सायकल ट्रॅकवरची. अशा सायकलला ब्रेक नसतो, आणि पायडल चाकालाच बांधलेलं असतं; चाक फिरलं की पायडल फिरणार, पायडल थांबलं की चाक थांबणार. पायडलाच्या दांड्याजवळ, चेनच्या दातेरी चक्राला धरून, तीन आठवड्यांपूर्वी पॉवर मीटर बसवलेलं. पाय किती जोर लावतोय हे ते वॅटमध्ये मोजतं आणि हँडलवरच्या डबीएवढ्या पडद्यावर आकडा दाखवतं. लेक गॅरेजमध्ये, चाक जागच्या जागी फिरू देणाऱ्या रोलरवर सायकल चढवून वीस मिनिटं जीव खाऊन चालवायची आणि शेवटी सरासरी बघायची. सोमवारी ती दोनशे एक्कावन्न यायची. मंगळवारी दोनशे चोवीस. गुरुवारी पुन्हा दोनशे पन्नास, शुक्रवारी दोनशे सव्वीस. पाय तेच, सायकल तीच, झोप तेवढीच. तीन आठवडे हा खेळ चालला होता.

खेळ कसला, जिवावर बेतलं होतं. लेक एकोणतीस वर्षांची. सायकलिंग संघाच्या शिबिरात तिशीनंतर घेत नाहीत, म्हणजे ही शेवटची संधी. आधी दोनदा नाव थोडक्यात हुकलेलं. यंदा तिनं प्रयोगशाळेतली बरी नोकरी सोडली होती, ठरत आलेलं लग्न लांबवलं होतं आणि शेवटी मोडलं होतं, आणि वर्षभर त्या रोलरवर घाम गाळला होता. अट साधी होती: सलग तीन दिवस, रोज वीस मिनिटं, सरासरी दोनशे पंचेचाळीसच्या वर, आणि तिन्ही आकड्यांत पाच वॅटपेक्षा जास्त फरक नको. रविवारी संध्याकाळी सहाला अर्ज बंद.

मंगळवारी प्रशिक्षक बाईंचा फोन आला होता. लेकीनं फोन स्पीकरवर ठेवलेला, त्यामुळे काटेसाहेबांनीही ऐकलं.

“मॅडम, मीटरच बिघडलंय हो. कधी वर, कधी खाली.”

“नाचता येईना अंगण वाकडं,” बाई म्हणाल्या. “हे मी रोज दहा जणींकडून ऐकते. मीटर बिघडलं असेल तर दुरुस्त कर. बिघडलं नसेल तर मला वेळ नाही.”

फोन ठेवल्यावर लेक रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. नखं कुरतडत भिंतीकडे बघत बसली आणि म्हणाली, “बाबा, हे तुमचं काम आहे. काटाच आहे ना हा?”

काटाच होता. काटेसाहेबांनी बाह्या सरसावल्या.

बुधवारी सगळा दिवस त्यात गेला. मीटरमधला चपटा सेल बदलला. सेल जिथं टेकतो तिथले पत्रे स्पिरिटनं पुसले. चेनचक्राचे पाचही स्क्रू सोडून, मोजूनमापून पुन्हा आवळले. पायडलाचा दांडा हलवून बघितला, कुठं खेळ नव्हता. थंडीनं असले मापक चळतात म्हणून सायकल तासभर गॅरेजमध्ये तशीच ठेवून मग तपासली. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून दुसरा पडदा मागून आणला, तर त्यावरही तोच आकडा. सायकलवाल्यानं मान हलवून सांगितलं, “काका, मीटर बदला. नवं मागवलं तर तीन आठवड्यांत येईल.” तीन आठवडे! घरी येताना सबंध रस्ता काटेसाहेब त्याला मनातल्या मनात शिव्या घालत आले.

पुढचे तीन दिवस सलग चालवायचं म्हणून या गुरुवारी लेकीनं विश्रांती घेतली. ती खोलीत पाय उशीवर टाकून पडली होती. काटेसाहेबांनी माळ्यावरून जुनी पेटी उतरवली. पेटीत त्यांचं वीस किलोचं माप होतं, खात्यानं निवृत्तीच्या वेळी भेट दिलेलं. मागचं चाक दोरीनं खांबाला करकचून बांधलं, पायडल आडवं केलं, त्याला माप टांगलं. वीस किलोचं ओझं, दांड्याची लांबी ठाऊक, म्हणजे मीटरनं किती जोर दाखवायला हवा हे कागदावर मांडता येतं. त्यांनी मांडलं. मग पडद्याकडे बघितलं. बरोबर. माप काढलं, पुन्हा टांगलं. बरोबर. दहा वेळा टांगलं, दहा वेळा बरोबर. शंभरात अर्ध्याचीही चूक नाही. आयुष्यात इतका प्रामाणिक काटा त्यांनी क्वचितच पाहिला होता.

आधी त्यांना अभिमान वाटला. मग त्यांनी कागद घडी करून बाजूला ठेवला. काटा चांगला असेल, तर लबाडी कोण करतंय?

“सापडलं का?” बायको चहा घेऊन आली.

“मीटर उत्तम आहे.”

“मग पोरगीच कधी खाते, कधी खात नाही, त्याचं असेल.” तिनं कप स्टुलावर ठेवला. “मी सांगू? तुम्ही घरी असलात की तिचा आकडा चढतो. तुम्ही दवाखान्यात गेलात की पडतो. कौतुक करायला कोणीतरी लागतं माणसाला. माझं कौतुक कुठं चालतंय इथं!”

बायको हसून आत गेली. काटेसाहेबांनी चहा प्यायला नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ते गुडघ्यांच्या व्यायामासाठी दवाखान्यात जात. मंगळवार आणि शुक्रवार. त्यांनी लेकीच्या आकड्यांच्या वहीतली तीन आठवड्यांची पानं उलटली. एकही दिवस चुकला नव्हता.

ते असताना आणि नसताना सायकलचं काय वेगळं होत होतं? एकच गोष्ट. चालवण्याआधी मीटरचं शून्य घ्यावं लागतं. सायकल उभी करायची, पायडल सरळ खाली आणायचं, कोणी हात लावायचा नाही, आणि बटण दाबायचं. ‘हे माझं रिकामं पारडं,’ असं मीटरला सांगायचं, मग ते पुढचं मोजतं. गॅरेजमध्ये रोलरनं जागा अडवलेली, म्हणून काटेसाहेब घरी असले की शून्य बाहेर अंगणात घेत. ते सायकल धरून उभे राहत, लेक गुडघ्यावर बसून बटण दाबे. ते नसले की ती एकटी आतल्या बोळात सायकल भिंतीला टेकवी.

त्यांनी सायकल अंगणात नेली. नेहमीसारखी धरली, एक हात हँडलवर, एक सीटवर. सीटवरचा हात क्षणभर सोडून, वाकून बटण दाबलं. पडद्यावर क्षणभर एक आकडा येऊन जातो, तो लेक कधी वाचतच नसे. आला की ‘ठीक’ दाबून मोकळी. त्यांनी वाचला. उणे सत्तावीस. सायकल बोळात नेऊन भिंतीला टेकवली, बटण दाबलं. एक. पुन्हा अंगणात. उणे सव्वीस. बोळात. शून्य.

तिसऱ्यांदा अंगणात आले तेव्हा त्यांनी खाली बघितलं. त्यांचा डावा पाय पायडलाच्या मागे होता. बुटाची कड पायडलाला अगदी घट्ट टेकलेली.

टेकणारच. अंगणाला फाटकाकडे उतार होता. सायकलला ब्रेक नाही. सोडली की ती घरंगळणार. दोन्ही हात वर गुंतलेले, म्हणून पायडल मागे सरकू नये यासाठी पाय त्यांनी तिथं लावलेला, पहिल्या दिवसापासून, विचारसुद्धा न करता. त्यांनी घरातून पाणसळ आणून फरशीवर ठेवली. काचेतला बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला. अंगण खरंच वाकडं होतं, आणि वाकडं अंगण नाचणारीला चढवून दाखवत होतं.

दुकानदार रिकामं पारडं बोटानं किंचित उचलतो, काटा शून्यावर आणतो, आणि मग बोट सोडतो. पुढे पडणारा प्रत्येक दाणा जड भरतो. ही लबाडी त्यांनी शेकडो वेळा पकडली होती. मीटरनं त्यांच्या बुटाचा उलटा जोर हाच शून्य मानला होता आणि वीस मिनिटं प्रत्येक फेऱ्याला पंचवीस वॅट जास्त सांगितले होते.

म्हणजे दोनशे पन्नास खोटे. दोनशे पंचवीस खरे. लेकीचा नवा, चढता, आशेचा आकडा म्हणजे बापाच्या बुटाची कड.

काटेसाहेब पायरीवर बसले. आतून लेकीचा आवाज आला, “बाबा, सापडलं का हो काही?”

“बघतोय,” ते म्हणाले.

शुक्रवारी ते दवाखान्यात गेले नाहीत. सांगायचं म्हणूनच थांबले होते, निदान स्वतःला तरी त्यांनी तसं सांगितलं. लेक सायकल घेऊन अंगणात आली, गुडघ्यावर बसली. “बाबा, धरलीत?”

पाय आपोआप गेला असं पुढे ते मनाला सांगणार होते. आपोआप गेला नव्हता. त्यांनी खाली बघितलं, पायडल बघितलं, आणि पाय लावला.

दोनशे एक्कावन्न आले. लेक ओरडलीच. घामानं निथळत तिनं त्यांना मिठी मारली. “मीटर सुधारलं! काय केलंत?”

“सेल बदलला. स्क्रू आवळले.” यातलं एकही खोटं नव्हतं, हेच भयंकर होतं.

शनिवारी दोनशे एकोणपन्नास. वर्षभरात पहिल्यांदा लेक जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेत होती. मावशीला फोन करून म्हणाली, “अजून पक्कं नाही, पण पेढे तयार ठेव.” आंघोळ करताना गात होती; आवाज कसाबसाच, पण बायको स्वयंपाकघरात डोळे पुसत ऐकत उभी राहिली. काटेसाहेब बाहेरच्या खोलीत पेपर उलटा धरून बसले होते. मनाची समजूत घालायला काय कमी सबबी होत्या? शिबिरात खाणं चांगलं, ट्रॅक चांगला, शिकवणारे चांगले. पंचवीस वॅट म्हणजे काय, सहा महिन्यांत भरून काढेल पोरगी. हे वाक्य मनात येताच त्यांना ते ओळखू आलं. साहेब, पुढच्या महिन्यात नवा काटा घेणारच आहे. प्रत्येक दुकानदार हेच म्हणायचा, आणि एकालाही त्यांनी सोडलं नव्हतं. त्यातले कितीतरी जण पोराबाळांचे बाप असतील, हे त्यांच्या आज पहिल्यांदा मनात आलं.

पण खरं भय वेगळंच होतं. शिबिरात पहिल्याच दिवशी दुसऱ्या मीटरवर बसवतील. सगळ्यांसमोर पंचवीस वॅट गळून पडतील. आणि तिथं तिला सावरायला कोणी नसेल.

रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, त्यांनी तिला अंगणात बोलावलं आणि सांगितलं. फिरवून नाही, सरळ. सायकल धरून, पाय लावून, पाय काढून दाखवलं.

लेक आधी हसली. मग स्वतः गुडघ्यावर बसली. उणे सत्तावीस. सायकल हिसकावून बोळात नेली. एक. ती बोळातून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा त्यांना ओळखू येईना.

“कधी कळलं?”

“गुरुवारी.”

“आज रविवार आहे, बाबा.”

“हो.”

“गुरुवारी कळलं आणि तुम्ही मला दोन दिवस नाचवलंत? मावशीला फोन करू दिलात?” तिचा आवाज चिरकला. “तीन आठवडे मला वाटत होतं, मंगळवार-शुक्रवार खोटे आहेत. ते माझे होते. तेच माझे होते! आडात नव्हतंच, आणि मी पोहरा सोडत बसले!”

“पोरी—”

“नका बोलू.” ती आत गेली. खोलीचं दार आपटलं. बायको दाराशी उभी होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि बघतच राहिली. चौतीस वर्षं दुकानदारांना जसं वाटत असेल, तसं काटेसाहेबांना वाटलं.

साडेचारला दार उघडलं. लेक सायकल चालवायच्या कपड्यांत होती. डोळे सुजलेले, केस घट्ट बांधलेले. तिनं सायकल अंगणात आणली.

“चला. धरा.”

“कशी धरू?” त्यांनी विचारलं.

“नेहमी धरता तशी.” ती गुडघ्यावर बसली. मान वर केली नाही. “एकदाच. आजचा एकच दिवस राहिलाय. तिकडे गेले की मी भरून काढीन. शपथ. मला एकदा आत जाऊ द्या, बाबा.”

काटेसाहेबांनी हँडल धरलं. सीट धरली. तिच्या मानेवरचं हाड दिसत होतं. लहानपणी ताप आला की असंच वर यायचं ते. चौतीस वर्षं त्यांनी एकाही माणसाचं ऐकलं नव्हतं. लेकीनं आयुष्यात त्यांच्याकडे फारसं कधी मागितलंही नव्हतं. त्यांनी पाय लावला. तिनं बटण दाबलं, आकडा वाचला, ‘ठीक’ दाबलं.

रोलरचा पंखा घुमू लागला. काटेसाहेब भिंतीशी उभे राहिले, पडदा दिसेल असे. दोनशे पन्नास. दोनशे बावन्न. पाच मिनिटं झाली. आठ झाली. तिचा श्वास करवतीसारखा येत होता, घाम हनुवटीवरून टपटप पडत होता, आणि आकडा हटत नव्हता. दहा मिनिटं. दोनशे बावन्न. ती पडद्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर असा भाव होता की काटेसाहेबांनी नजर खाली घातली.

बाराव्या मिनिटाला आवाज उतरला. त्यांनी मान वर केली. ती पायडलाचा वेग हळूहळू कमी करत होती. या सायकलला एकदम थांबताच येत नाही. दोनशे. दीडशे. ऐंशी. तिनं शेजारच्या भिंतीला हात टेकला आणि चाक थांबलं.

“काय झालं? दुखतंय का? आठच मिनिटं राहिलीत!” ते धावले. आपण हे म्हणतोय याची त्यांना लाजही वाटली नाही.

ती उतरली आणि फरशीवर बसली.

“तुम्ही पाय लावलात,” ती म्हणाली.

“तूच म्हणालीस.”

“मी म्हणाले.” तिनं मनगटानं तोंड पुसलं. “आत बसून मी ठरवलं होतं. तुम्हाला सांगायचं, पाय लावा. तुम्ही नाही म्हणाल. मग मी तुमच्यावर चिडेन. आयुष्यभर चिडेन, माझ्या बापानं माझं नाव घालवलं म्हणून सगळ्यांना सांगेन, आणि सुटेन. मला खात्री होती, बाबा. सगळी दुनिया लावेल, तुम्ही नाही लावणार.”

काटेसाहेब तिच्याशेजारी बसले. दुखरा गुडघा वाकेना, तरी बसले.

“मला नाही म्हणवलं नाही गं,” ते म्हणाले.

मग मात्र ती रडली. गेल्या मंगळवारचं आणि त्याआधीच्या सगळ्या वर्षांचं एकदम रडली. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवायला हात उचलला, आणि ठेवावा की नाही हे त्यांना कळेना. शेवटी तिनंच त्यांच्या खांद्यावर डोकं टाकलं. अर्ज बंद व्हायला अजून तासभर होता. सायकल रोलरवर उभी होती, पडद्यावर शून्य होतं, आणि दोघांपैकी कोणीही उठलं नाही.